ऐंशी ओलांडल्यावर मेंदूतली गुठळी काढावी का?

प्रश्न सोलापुरातल्या एका मुलाचा आहे. वडील 82 वर्षांचे, वजन 58 किलो. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. रोज सकाळी सिद्धेश्वर मंदिरापर्यंत स्वतः चालत जातात, घरचा हिशोब स्वतः ठेवतात. नात्यातल्या एका आजींच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ‘आता या वयात कशाला चिरफाड’ म्हणून गुठळी काढायला घरच्यांनी नकार दिला. वडिलांवर तशी वेळ आली तर गुठळी काढून घ्यावी का, आणि सोलापुरात राहून ते वेळेत जमेल का?

पहिल्या भागाचं उत्तर ‘हो’ असं आहे. केवळ वय झालं म्हणून गुठळी काढायला नकार देऊ नये. पक्षाघाताच्या झटक्याच्या आदल्या दिवसापर्यंत माणूस कसा जगत होता, मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे आणि किती वेळ गेला, या तीन गोष्टींवर निर्णय होतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिली गोष्ट भक्कम आहे. उरलेल्या दोन वेळेवर धावपळ करण्यावर आहेत, आणि तिची तयारी आजच करता येते.

आधी ‘चिरफाड’ हा गैरसमज दूर करू. यात कवटी उघडत नाहीत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुईने छिद्र करून नळी मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि अडकलेली गुठळी ओढून बाहेर काढतात. डॉक्टर याला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. प्रत्येक पक्षाघातात ही करता येत नाही. रक्तस्रावाने झालेल्या झटक्यात तिचा उपयोग नाही, आणि बारीक वाहिनी बंद झाली असेल तर तिथे नळी पोहोचत नाही. मेंदूकडे जाणारी मोठी वाहिनी बंद झाली असेल तरच हा उपाय. मात्र अनियमित ठोक्यांमुळे हृदयात तयार झालेली गुठळी बहुधा अशाच मोठ्या वाहिनीत जाऊन बसते, म्हणून तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे.

आकडे स्पष्ट सांगतो, कारण घरात निर्णय घेताना तेच लागतात. या उपचाराच्या पाच मोठ्या चाचण्या 2015 साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या 1287 रुग्णांचं एकत्र विश्लेषण 2016 मध्ये आलं. ऐंशी आणि त्यापुढच्या रुग्णांपैकी ज्यांची गुठळी काढली, त्यांतले सुमारे 30 टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू लागले होते. फक्त औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे 14 टक्के होतं. मृत्यूचं प्रमाण गुठळी काढलेल्यांत 28 टक्के, न काढलेल्यांत 45 टक्के. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्या. फायदा दुपटीचा आहे. तरीही गुठळी काढण्याचा उपचार होऊनही या वयातल्या दहांपैकी सात जण पूर्ण स्वावलंबी होत नाहीत. ‘करून घेतलं की बरे होतील’ असं कुणी सांगत असेल तर ते अर्धं सांगतंय. आणि ‘काही न करणं सुरक्षित’ हे तर साफ खोटं आहे, कारण मोठी वाहिनी बंद राहिली तर या वयात जवळपास निम्मे रुग्ण दगावतात.

आता वेळेबद्दल. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात. हा सरासरी वेग आहे. मुख्य रस्ता बंद झाला तरी गल्लीबोळांतून थोडी वाहतूक चालते, तशा आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या काही काळ रक्त पुरवत राहतात. त्या चांगल्या असतील तर माणूस दहा-बारा तासांनीही वाचवता येतो. म्हाताऱ्या माणसात, विशेषतः वर्षानुवर्षं रक्तदाब आणि साखर असेल तर, हे आडरस्ते अरुंद झालेले असतात. म्हणून तरुणापेक्षा म्हाताऱ्यासाठी घाई जास्त. घरोघरी नेमकं उलट घडतं: ‘थोडी विश्रांती घेऊ दे, अशक्तपणा असेल’ म्हणून वाट बघितली जाते.

तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. मोठी वाहिनी बंद असल्याची खूण वेगळी असते. दोन्ही डोळे एकाच बाजूला वळून राहतात, शब्दच फुटत नाहीत किंवा सांगितलेलं समजत नाही, नाहीतर माणूस डाव्या बाजूला बोलावलं तरी तिकडे बघतच नाही. हाता-पायातली ताकद गेली आणि सोबत यांपैकी काही दिसलं, तर 108 ला फोन करताना ते सांगा. अचानक तोल जाऊन दोन-दोन दिसणं हेही झटक्याचं लक्षण असतं, आणि ते चक्करवर ढकललं जातं.

घड्याळ कुठून मोजायचं, इथे फार गोंधळ होतो. लक्षणं दिसली ती वेळ नव्हे, माणूस ठणठणीत असलेला शेवटचा कधी बघितला ती वेळ मोजतात. वडील रात्री दहाला झोपले आणि पहाटे साडेपाचला एका बाजूने लुळे सापडले, तर घड्याळ दहापासून. पण रात्री दोनला ते स्वतः उठून बाथरूमला गेले हे कुणी पाहिलं असेल तर ती वेळ दोनची. अशा एका आठवणीने चार तास परत मिळतात. म्हणून रात्री घरात कोण जागं होतं हे सगळ्यांना विचारा.

घरी काय करू नये ते आधी सांगतो. ॲस्पिरिन देऊ नका, कारण झटका रक्तस्रावाचा आहे का हे सीटीशिवाय कळत नाही. रक्तदाब 190 दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. वाहिनी बंद असताना तोच दाब मेंदूला तगवत असतो आणि तो अचानक पडला की जगणारा भागही मरतो. तोंडात पाणी, चहा, अंगारा, तीर्थ काहीही घालू नका, गिळता येत नसेल तर ते सरळ फुप्फुसात जातं. तेल लावून चोळण्यात किंवा लकव्याचं औषध देणाऱ्याच्या गावी जाण्यात एक तासही घालवू नका. त्यांच्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी नंतर जावं, पहिला दिवस दवाखान्याचा आहे. मधुमेह असेल तर बोटातून साखर तेवढी तपासा. साखर 60 च्या खाली गेली तरी हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं.

सोलापूर शहरात असाल तर मधे फॅमिली डॉक्टरकडे थांबू नका. जिथे चोवीस तास सीटी आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) होते, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं आणि कॅथलॅबमध्ये (वाहिनीत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत) मेंदूच्या वाहिन्यांचं काम करणारा डॉक्टर येतो, अशा रुग्णालयात थेट जा. हे कुठे आहे हे झटका आल्यावर शोधायचं नसतं. या आठवड्यात फोन करून तीनच प्रश्न विचारा: थ्रॉम्बेक्टॉमी तुमच्याकडे होते का? रात्री आणि रविवारी होते का? डॉक्टर शहरात राहतात की पुण्याहून बोलावता? हृदयाची अँजिओप्लास्टी होते म्हणजे मेंदूचीही होते असं नाही, कॅथलॅब एकच असली तरी हात वेगळे लागतात.

तालुक्यातल्या लोकांचं गणित वेगळं आहे. अक्कलकोट जवळपास 40 किलोमीटर, बार्शी आणि पंढरपूर सत्तरच्या आसपास, करमाळा शंभराच्याही पुढे. वाटेत सीटी स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही मिळणारं रुग्णालय असेल तर तिथे इंजेक्शन घेऊन पुढे निघणं बहुतेक वेळा योग्य. इंजेक्शनचा परिणाम होतो का हे बघत तिथेच थांबणं ही चूक. मोठ्या वाहिनीतली लांबलचक गुठळी इंजेक्शनने क्वचितच विरघळते, त्यामुळे इंजेक्शन चालू असतानाच गाडी निघाली पाहिजे. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरचे रस्ते आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा भाग तुंबलेला असतो, तेव्हाचा पर्यायी रस्ता चालकाशी आधीच बोला. सोलापूरहून पुणे सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे चार-साडेचार तास. शहरात सोय होत असताना ‘मोठ्या गावाला नेऊ’ म्हणून हे तास घालवू नयेत. सोय होणारच नसेल तर अँजिओग्राफीत बंद वाहिनी दिसताक्षणी निघा, आणि पुढच्या रुग्णालयाला चित्रं फोनवर आधी पाठवा.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची वेळमर्यादा साडेचार तास आहे. त्यासाठी दोनपैकी एक औषध वापरतात. अल्टेप्लेज किलोमागे 0.9 मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त 90. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. 58 किलोच्या माणसाला साधारण 52 मिलिग्रॅम, त्यातलं 5 आधी. टेनेक्टेप्लेज किलोमागे 0.25 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 25, तेही एकदाच. म्हणून वजन माहीत असणं महत्त्वाचं. अंदाजाने जास्त डोस गेला तर या वयात मेंदूत रक्तस्राव होतो, कमी गेला तर उपयोग नाही. इंजेक्शनआधी रक्तदाब 185/110 च्या खाली आणावा लागतो, नंतर चोवीस तास 180/105 च्या खाली ठेवावा लागतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत इथे एक पेच आहे. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम चालू असून आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आकडा) 1.7 च्या वर असेल, किंवा ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रानसारखी गोळी गेल्या 48 तासांत घेतली असेल, तर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. अनेक घरांना वाटतं की मग सगळाच मार्ग बंद झाला. तसं नाही. गुठळी यंत्राने काढायला या गोळ्यांची आडकाठी नसते, उलट अशा रुग्णांसाठी तोच मुख्य उपाय राहतो. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली हे नेमकं सांगा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.

रुग्णालयात पहिलं चित्र साध्या सीटीचं. त्यावरून रक्तस्राव नाही हे कळतं आणि मेंदूचा किती भाग आधीच गेला याचा अंदाज येतो. डॉक्टर त्याला दहापैकी गुण देतात, त्यांना ॲस्पेक्ट्स म्हणतात; गुण जितके जास्त तितकं नुकसान कमी. ॲस्पेक्ट्स 6 किंवा त्याहून जास्त असेल तर परिस्थिती चांगली. अलीकडच्या चाचण्यांत त्याहून कमी गुणांनाही फायदा दिसला, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत ऐंशीपुढचे रुग्ण थोडेच होते. म्हणून 82 व्या वर्षी ॲस्पेक्ट्स 3 किंवा 4 असेल तर घरच्यांशी बोलताना मी तरी आशा जपूनच दाखवीन. त्यानंतर लगेच सीटी अँजिओग्राफी. क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट बघत ती अडवू नये. त्यासाठी टोचलेल्या रंगद्रव्याने मूत्रपिंडाला त्रास होण्याची शक्यता आहे, पण मेंदूचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे. अँजिओग्राफी छातीतल्या महाधमनीपासून घ्यायला सांगावी, फक्त डोक्याची नको. कारण पुढे येतंच.

सहा तासांनंतर आलेल्यांसाठी 2018 च्या दोन चाचण्यांनी दार उघडलं. डॉन चाचणीत 24 तासांपर्यंत, डिफ्यूज थ्रीमध्ये 16 तासांपर्यंत. त्यासाठी परफ्यूजन सीटी (मेंदूत रक्त कुठे किती पोहोचतं ते दाखवणारं चित्र) किंवा एमआरआयवर मेलेला भाग लहान आणि धोक्यातला भाग मोठा दिसायला हवा. डॉनमध्ये ऐंशीपुढच्यांना अट जास्त कडक होती: मेलेला भाग 21 मिलिलिटरपेक्षा कमी आणि झटक्याची तीव्रता, म्हणजे एनआयएचएसएस, किमान 10. म्हातारा मेंदू कमी नुकसान सोसतो हे त्या अटीमागचं कारण. झोपेतून उठताना लुळेपणा दिसला तर ‘वेळ निघून गेली’ असं कुणी म्हणालं, तरी हे चित्र घेतल्याशिवाय मानू नका.

कॅथलॅबमधली पायरी थोडक्यात अशी. जांघेत 8 फ्रेंच मापाची नळी बसवतात. त्यातून जाड कॅथेटर, शक्यतो टोकाला फुगा असलेला, गळ्यातल्या धमनीत नेतात. त्यातून 0.014 इंचाची तार आणि तिच्यावरून बारीक मायक्रोकॅथेटर गुठळीच्या पलीकडे जातं. तिथे तारेची जाळी, म्हणजे स्टेंट रिट्रीव्हर, उघडतात आणि ती गुठळीत रुतावी म्हणून तीन ते पाच मिनिटं थांबतात. मग फुगा फुगवून रक्तप्रवाह थांबवतात आणि मागून शोषत जाळी बाहेर ओढतात. दुसरी पद्धत रुंद नळी गुठळीला भिडवून नुसतं शोषून काढण्याची. दोन्ही एकत्रही वापरतात. पुढच्या भागात निम्म्याहून जास्त रक्तपुरवठा परत आला (टिकी या श्रेणीत 2बी) तर काम यशस्वी धरतात, पूर्ण आला तर 3. पहिल्याच ओढीत गुठळी निघाली तर निकाल सगळ्यांत चांगला. प्रत्येक पुढच्या ओढीला वाहिनीच्या भिंतीला इजा होते आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. तीन-चार ओढींनंतर थांबायचं की नाही हा विचार ऐंशीच्या माणसात लवकर करावा.

वयामुळे खरी अडचण मेंदूत नसते, ती छातीत असते. वय वाढतं तशी महाधमनीची कमान लांबते आणि खाली झुकते, गळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्या कमानीच्या माथ्यावरून न निघता उतारावरून निघतात. खालून वर ढकललेलं कॅथेटर गळ्यात चढण्याऐवजी वळून परत हृदयाकडे जातं. गळ्यातल्या धमनीलाही वळसे पडलेले असतात. बाकी सगळं चोख असून अर्धा-पाऊण तास इथेच जातो. महाधमनीपासूनची अँजिओग्राफी आधी पाहिली असेल तर डॉक्टर आकड्यासारख्या वाकाचं सिमन्स कॅथेटर सुरुवातीलाच घेतात किंवा मनगटातून जायचं ठरवतात. माझं मत असं की वीसेक मिनिटांत गळ्यात पोहोचता आलं नाही तर त्याच वाटेने झगडू नये, मार्ग बदलावा. गळ्यात थेट सुई घालणं हा शेवटचा पर्याय. तिथे रक्त साचलं तर श्वासनलिका दाबली जाते, आणि रक्त पातळ असलेल्या माणसात ते जास्त घातक.

दुसरी अडचण आपल्याकडे बरीच दिसते. मेंदूतल्या वाहिनीतच चरबी साचून ती अरुंद झालेली असते आणि तिथेच गुठळी होते. अशी गुठळी काढली तरी वाहिनी अनेकदा पुन्हा बंद होते, मग फुगा किंवा स्टेंट लागतो आणि रक्त पातळ करणारी औषधं वाढतात. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णात मात्र वाहिनी बहुधा मूळची बरी असते, म्हणून निघालेली गुठळी निघालेली राहते.

भूल पूर्ण द्यावी की नुसती गुंगी, यावर चाचण्यांत मोठा फरक दिसलेला नाही. भूल देताना रक्तदाब पडू न देणं जास्त महत्त्वाचं. वाहिनी उघडेपर्यंत वरचा दाब 140 च्या खाली जाऊ नये. उघडल्यानंतर 180 च्या वर जाऊ नये. पण ‘जितका कमी तितका चांगला’ हेही चुकीचं ठरलं आहे: 2022 च्या चाचणीत दाब 120 च्या खाली आणलेल्या रुग्णांचे निकाल वाईट आले.

धोके सांगायचे तर मेंदूत त्रासदायक रक्तस्राव त्या एकत्रित विश्लेषणात साडेचार टक्क्यांच्या आसपास होता, आणि गुठळी न काढलेल्या गटातही जवळपास तेवढाच. वाहिनी फाटणं, गुठळीचा तुकडा दुसरीकडे जाणं, जांघेत रक्त साचणं हेही होतं. पाठ किंवा कंबर दुखते, नाडी वेगाने चालते आणि दाब पडतो, तर पोटामागे रक्त साचत असेल. नातेवाईकांनी ते नर्सला लगेच सांगावं.

पुढचे पाच दिवस म्हाताऱ्या माणसात निम्मं यश ठरवतात, आणि इथे घरच्यांचा हात लागतो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही. नंतरही पातळ पाणी आणि चहा जपून. दुधात कुस्करलेली भाकरी मऊ म्हणून प्रेमाने भरवली जाते, पण पातळ आणि तुकडे एकत्र असलेलं अन्न गिळायला सगळ्यांत अवघड, त्यातून न्यूमोनिया होतो. एकजीव घट्टसर पेज, शिजवून घोटलेलं वरण चालतं. रात्री माणूस बरळू लागला, सलाइन ओढू लागला तर हात बांधण्याआधी चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र लावा, दिवसा उजेड राहू द्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर त्याच भाषेत कुणी बोललेलं असावं. लघवी तुंबली आहे का, तेही तपासायला सांगा. चोवीस तासांनी पुन्हा सीटी होतो, तो चांगला असेल तरच रक्त पातळ करणारी औषधं सुरू. एट्रियल फिब्रिलेशनची गोळी लहान किंवा मध्यम झटक्यानंतर 48 तासांत, मोठ्यानंतर सहा-सात दिवसांनी सुरू करणं 2023 च्या चाचणीत सुरक्षित दिसलं आहे.

कधी नाही म्हणावं? माणूस आधीपासून अंथरुणाला खिळलेला, घरच्यांना न ओळखणारा असेल, किंवा मेंदूचा मोठा भाग आधीच गेला असेल, तर गुठळी काढूनही त्याला त्याचं आयुष्य परत मिळत नाही. तिथे वेदना कमी ठेवून सेवा करणं हा योग्य निर्णय आहे, आणि त्यासाठी कुणी घरच्यांना दोष देऊ नये. हे वडिलांनाच आत्ता विचारून ठेवा. निर्णय देणारा घरात एकच माणूस ठरवा. पुण्याच्या भावाचा आणि हैदराबादच्या बहिणीचा होकार मिळवण्यात अर्धा तास जातो.

एका कागदावर लिहून गोळ्यांच्या पाकिटासोबत ठेवा: वजन, गोळ्यांची नावं आणि वेळा, शेवटचा क्रिएटिनिन, ॲलर्जी, दोन फोन नंबर, आणि आजारापूर्वी ते काय काय स्वतः करत होते. खर्च काही लाखांत जातो, मोठा वाटा जाळी आणि कॅथेटरचा. सत्तरीपुढच्यांसाठी 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, 5 लाखांपर्यंत. ते काढून ठेवा, आणि तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात हा उपचार त्यात बसतो का हे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि झटका येऊच नये यासाठी चालू गोळीचा डोस तपासून घ्या. ॲपिक्साबान असेल तर नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी असतील तर 2.5 दोनदा. तुमच्या वडिलांत दोन आहेत, तेव्हा 2.5 बरोबर. पण 70 किलोच्या, चांगल्या मूत्रपिंडाच्या 82 वर्षांच्या माणसाला ‘म्हातारे आहेत’ म्हणून 2.5 दिली तर त्याला पुरेसं संरक्षण मिळत नाही. दात काढायचा म्हणून किंवा मोतीबिंदूसाठी ही गोळी स्वतःहून बंद करू नका. मोतीबिंदूला ती सहसा बंद करावी लागत नाही, आणि दातासाठी थांबवायची असल्यास किती तास, हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.